७०व्या सेकंदाला उजळणाऱ्या शिरा

छातीचा साधा, कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळवणारं औषध) न देता काढलेला सीटी स्कॅन. हृदयाच्या मागे, अन्ननलिकेला चिकटून एक करडी, गोलसर गाठ दिसते आहे. सुजलेली लसिकाग्रंथी की कर्करोग? नुसत्या करड्या छटेवरून सांगता येत नाही, कारण रक्त आणि मांसल गाठ या दोन्ही गोष्टी क्ष-किरण जवळपास सारख्याच प्रमाणात अडवतात. अशा वेळी तुकडा तपासायला म्हणून सुई घातली आणि ती फुगलेली शीर निघाली, तर रुग्णाच्या जिवावर बेतेल.

हा पेच सुटतो तो घड्याळाच्या मदतीने. हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध वेगाने सोडतात. अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते. ३०-३५ सेकंदांत धमन्या पांढऱ्याशुभ्र होतात, पण ती ‘गाठ’ अजून करडीच असते. ७० सेकंदांच्या सुमारास पुन्हा स्कॅन केला की तीही उजळते आणि एकेक काप खाली-वर सरकवत गेलं की तिची नागमोडी नळी होते. अशा फुगलेल्या, नागमोडी शिरांनाच व्हेरिसेस म्हणतात.

एवढा वेळ लागतो, कारण औषध आधी आतडी आणि पाणथरी फिरून मग पोर्टल शिरेत येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त हीच शीर आणते. सिरॉसिसमध्ये यकृत कडक झालं की हे रक्त पुढे सरकेना होतं. धरणाचा फुगवटा मागच्या ओढ्यानाल्यांत शिरावा, तसं ते जठराच्या लहान शिरांतून उलटं वर चढतं आणि अन्ननलिकेच्या पातळ शिरा फुगवतं. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांमधल्या दाबाचा फरक एरवी पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटर असतो. तो १० वर गेला की व्हेरिसेस तयार होऊ लागतात, १२ वर गेला की फुटण्याची भीती.

मग दुर्बिणीची तपासणी कशाला, असं नातेवाईक हमखास विचारतात. ती लागतेच. शीर फुटायच्या बेतात असल्याची खूण म्हणजे तिच्यावरचे लाल वळ. ते सीटीत दिसत नाहीत, आणि शिरेला रबरी बँड लावायचा तोही दुर्बिणीतूनच. पण दुर्बीण अन्ननलिकेच्या आतून पाहते. भिंतीबाहेरच्या शिरा, पाणथरीकडून मूत्रपिंडाच्या शिरेकडे रक्ताने काढलेली आडवाट, पोर्टल शिरेतली गुठळी हे सगळं सीटी दाखवतो.

यातलं शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, ते मुलांमुळे. धडधाकट खेळणारं मूल अचानक रक्ताची उलटी करतं. आईवडिलांचा धीरच सुटतो. आपल्या देशात अशा मुलांमध्ये बऱ्याचदा यकृत ठणठणीत असतं, बंद पडलेली असते यकृताबाहेरची पोर्टल शीर. स्कॅनमध्ये तिच्या जागी बारीक शिरांचं जाळं दिसतं. यकृताने साथ दिलेली असल्यामुळे योग्य उपचार मिळाले की यातली बहुतेक मुलं चांगली वाढतात.

क्वचित व्हेरिसेस अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला सापडतात. तिथे रक्त वरून खाली वाहत असतं. तेव्हा दोष यकृतात शोधायचा नसतो. डोक्या-हातांकडून हृदयाकडे येणारी मोठी शीर छातीत कुठे दाबली गेली आहे, ते पाहायचं असतं.

पोटाच्या अशा स्कॅनआधी पुष्कळदा नुसतं पाणी प्यायला देतात. पांढरं दिसणारं औषध प्यायला दिलं, तर त्या पांढऱ्यात उजळलेल्या शिरा हरवून जातात.