बंद वॉर्डातलं म्हातारपण

घरच्या न्हाणीघरात हाताला आधाराची दांडी बसवणं फारसं अवघड नसतं. मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात मात्र दांडी आणि भिंत यांच्यातली फट धोक्याची, कारण तिथे काहीही बांधून रुग्ण स्वतःला इजा करू शकतो. म्हणून दांडीच काढून टाकतात, आणि सत्तरीतला रुग्ण भारतीय संडासातून उठताना पडतो. यावर उपाय आहे: खालची फट पूर्ण बुजवलेली, वर बोटांना पकड मिळेल एवढीच खोबण असलेली, भिंतीला सलग चिकटलेली दांडी.

असे वॉर्ड धडधाकट, तरुण रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. मुंबईच्या तुरुंगातला कैदी मनोरुग्ण झाला, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ नुसार त्याला मनोरुग्णालयात हलवता येतं. शहराला सर्वांत जवळचं सरकारी मनोरुग्णालय ठाण्याचं, १९०१ सालचं. तिथे पोचणारा माणूस साठी ओलांडलेला असेल, तर त्याच्या शरीराच्या तक्रारीही सर्रास वेडाच्या खात्यात जमा होतात. श्रवणयंत्राचं बटण-सेल गिळलं गेलं तर अन्ननलिका भाजू शकते, म्हणून यंत्र परिचारिकेकडे कुलपात राहतं. राउंडच्या वेळी ते कानात नसतं. डॉक्टर विचारतात एक, उत्तर येतं दुसरंच, आणि केसपेपरवर ‘असंबद्ध बोलतो’ असा शेरा पडतो.

खरी गडबड औषधांत होते. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर दिल्या जाणाऱ्या लिथियमचं रक्तातलं प्रमाण तरुणांत साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. वृद्धांत बरेच डॉक्टर ०.४ ते ०.८ वरच थांबतात. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागतं, आणि त्याबरोबर लिथियमही. त्यात गुडघेदुखीसाठी कुणी आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं, तर प्रमाण आणखी चढतं. हात जोरात थरथरणं, जुलाब, उच्चार अस्पष्ट होणं, तोल जाणं दिसलं की लगेच रक्त तपासावं. एरवीच्या नेहमीच्या तपासणीचं रक्त शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घेतात.

स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनची गंमत वेगळी. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोमात चालतं आणि हे औषध झटपट मोडतं. वॉर्डात बिडी बंद झाली की आठवड्याभरात तोच डोस जड होऊ शकतो. तंबाखू-चुना सोडल्याने असं होत नाही. दोष धुराचा, निकोटिनचा नव्हे. हेच औषध आतड्यांची हालचाल मंदावतं, आणि दुर्लक्षित बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. त्यामुळे शौचाची रोजची नोंद हवीच.

हॅलोपेरिडॉल या भास-भ्रमांवरच्या औषधाने अंगात आलेला ताठरपणा घालवायला ट्रायहेक्झिफेनिडिल देतात. दिसायला छोटी गोळी, पण म्हातारपणी ती लघवी अडवते, तोंड कोरडं पाडते, विसरभोळेपणा वाढवते. ती एकदम तोडू नये, हळूहळू उतरवावी.

कालपर्यंत बरा असलेला वृद्ध रुग्ण आज भ्रमिष्टासारखा वागत असेल, तर जुना आजार उसळला असं आधी धरू नये. त्याला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. शाळा न पाहिलेल्यालाही हे जमतं. जमत नसेल आणि तासागणिक अवस्था बदलत असेल, तर ताप, तुंबलेली लघवी, साखर, सोडियम, ऑक्सिजन आणि नव्याने सुरू झालेली गोळी तपासा. गप्प, झोपाळू पडून राहणारा रुग्ण हमखास नजरेतून सुटतो, कारण त्याचा कुणाला त्रास नसतो. पडण्याची भीती असेल तर पाच मिनिटं आडवं ठेवून, मग उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० ने उतरला, तर औषधांचा फेरविचार हवा.

असा रुग्ण उठून भटकतो म्हणून त्याला बांधणं हा सर्वांत वाईट मार्ग. त्याने भ्रम वाढतो, पाठीला जखमा होतात. कर्मचारी कमी आहेत एवढ्यासाठी बांधायला त्याच कायद्याचं कलम ९७ मनाई करतं, आणि बांधलंच तर नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवावं लागतं.

कोर्टाचा प्रश्न उरतो. आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या मनःस्थितीत नसेल तर खटला पुढे ढकलला जातो. स्किझोफ्रेनियात औषधाने फरक पडेल अशी आशा असते. अल्झायमरसारख्या वाढत जाणाऱ्या स्मृतिभ्रंशात नाही. अहवालात ‘पुन्हा तपासावे’ एवढंच लिहिलं तर तारखा पडत राहतात. सुधारणा अपेक्षित नाही हे, स्मृतीच्या चाचण्या आणि मेंदूच्या स्कॅनचा आधार देऊन, स्पष्ट शब्दांत लिहावं लागतं.