रिकॉल म्हणजे वॉरंटी नव्हे

नवी मोटारसायकल घेऊन वर्षही न उलटलेल्या माणसाला कंपनीकडून रिकॉलचा, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी गाडी केंद्रात आणा असा, संदेश आला, की त्याच्या तोंडून हमखास निघणारे वाक्य मला आता पाठ झाले आहे: "वॉरंटी आहे ना अजून, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." पुण्यासारख्या, घरटी एक तरी दुचाकी असलेल्या शहरात हे वाक्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकू येते, कार्यालयातल्या जेवणाच्या सुट्टीत ऐकू येते आणि, सर्वांत वाईट म्हणजे, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरच्या पलीकडूनही ऐकू येते. दोन्ही प्रकारांत भाग फुकट बदलून मिळतो, एवढ्या एका साम्यावरून लोकांनी या दोन गोष्टी एकच ठरवून टाकल्या आहेत.

वॉरंटीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती सर्वांना ठाऊक असते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, असे लिहिलेले असते. सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत केंद्रातच करून घेण्याची अट असते. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन यांसारखे झिजणारे भाग वगळलेले असतात. हा विक्रीबरोबर आलेला, अटी असलेला आणि मुदत संपणारा करार आहे, इतके पुरे.

रिकॉल हा करार नाही. एखाद्या भागाच्या रचनेत किंवा निर्मितीत असा दोष राहिला आहे की ज्यामुळे चालकाला, मागे बसणाऱ्याला, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका पोहोचू शकतो, हे लक्षात आल्यावर त्या दोषाच्या कक्षेत येणाऱ्या सर्व गाड्या हुडकून दुरुस्त करणे ही निर्मात्याची जबाबदारी ठरते. आपल्याकडे सियाम या वाहननिर्मात्यांच्या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची संहिता जुलै २०१२ पासून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. निर्मात्याने दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू केला तर त्याला दंड होत नाही. सरकारला आदेश काढावा लागला तर १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीच्या मालकाने या दोन प्रकारांतल्या फरकात डोके घालू नये. फक्त एक गैरसमज काढून टाकावा: 'स्वेच्छा रिकॉल' यातील स्वेच्छा निर्मात्याची आहे. गाडी नेली तर नेली, नाही तर नाही, अशी मुभा मालकाला दिलेली नाही.

आता ज्या एका फरकापाशी माणसे खरोखर अडखळतात, तिकडे येतो. वॉरंटी बिघाड झाल्यानंतर सुरू होते, तर रिकॉल बिघाड होण्याआधी. वॉरंटीत तुम्ही तक्रार घेऊन जाता आणि ती खरी असल्याचे दाखवण्याचा भार बऱ्याच अंशी तुमच्यावर असतो. रिकॉलमध्ये तक्रार कंपनीचीच, स्वतःच्या मालाविरुद्ध, असते आणि तुमची गाडी उत्तम चालत असणे हे तिथे अगदी अपेक्षित असते. "माझ्या गाडीला काहीच प्रॉब्लेम नाही" हे वॉरंटीच्या बाबतीत पूर्ण उत्तर आहे. रिकॉलच्या बाबतीत त्या वाक्याला काडीचाही अर्थ नाही.

वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्ष काउंटरवर काय होते, ते माझ्या भाच्याच्या गाडीवरून सांगतो. त्याने दसऱ्याला मोटारसायकल घेतली आणि फेब्रुवारीत त्याला संदेश आला: हँडलखालून जाणारा वायरिंगचा गठ्ठा काही गाड्यांमध्ये फ्रेमला घासू शकतो आणि आवरण फाटल्यास इंजिन चालता चालता बंद पडू शकते, तरी जवळच्या केंद्रात यावे. भाचा शहरातल्या एका अधिकृत केंद्रात गेला. काउंटरवरच्या सर्व्हिस अॅडव्हायझरने सवयीप्रमाणे विचारले, "काय तक्रार आहे, सर?" भाचाही सवयीप्रमाणे म्हणाला, "तशी काही नाही, मेसेज आला होता वायरिंगचा." जॉब कार्डावर, म्हणजे केंद्राच्या कामाच्या नोंदपत्रावर, तक्रारीच्या रकान्यात 'वायरिंग चेक करणे' असे लिहिले गेले आणि प्रकारासमोर 'वॉरंटी' या चौकटीत खूण झाली. मेकॅनिकने गाडी एक चक्कर चालवून आणली, हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिले, दिवे आणि हॉर्न तपासले आणि शेरा मारला: 'तक्रार आढळली नाही.' गाडी धुऊन परत मिळाली आणि सगळे खूश झाले.

त्या शेऱ्यात खोटे काहीच नव्हते, पण ज्या तक्रारीचा शोध घेतला गेला ती मुळात कोणी केलेलीच नव्हती. कंपनीच्या नोंदीत त्या चासी नंबरापुढे रिकॉल उघडाच राहिला, आणि भाच्याच्या मनात मात्र तो पूर्ण झाला. गाडी रिकॉलला न नेणारा माणूस निदान जाणून असतो की आपले काम बाकी आहे. वॉरंटीच्या चौकटीत खूण होऊन परतलेला माणूस निर्धास्त होतो, आणि नंतर आलेले स्मरणसंदेश 'झालंय आपलं' म्हणून पुसून टाकतो. भाच्याने तेच केले होते.

पुढच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तक्रार काय, या प्रश्नावर आम्ही सांगितले की तक्रार नाही, रिकॉल आहे, आणि चासी नंबर टाकून तो उघडा आहे का ते आमच्यासमोर पाहावे. तो उघडा होता. नवे जॉब कार्ड निघाले, त्यावर रिकॉलचा क्रमांक आला, टाकी उतरवून पूर्ण गठ्ठा बदलला गेला आणि जुना आम्ही मागून पाहिला. जिथे तो हँडलच्या नळीला टेकत होता, तिथे काळ्या आवरणावर नखाएवढा भाग झिजून चकाकत होता आणि त्याच्या मधोमध तिळाएवढा तांब्याचा ठिपका दिसत होता. त्या दिवशी सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली होती.

म्हणून जॉब कार्ड सही करण्याआधी वाचावे, असा माझा आग्रह आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही. त्यावर रिकॉलचा क्रमांक किंवा निदान 'रिकॉल' हा शब्द, चासी नंबर, केलेले काम आणि शून्य रुपयांची रक्कम असली पाहिजे. काही रिकॉलमध्ये आधी तपासणी होते आणि गरज असेल तरच भाग बदलतात. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या इग्निशन कॉइलमधील दोषासाठी बोलावल्या, तेव्हा त्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी गाड्यांत कॉइल बदलावी लागेल असा कंपनीचाच अंदाज होता. अशा वेळी भाग बदलला नाही म्हणून भांडू नये. पण रिकॉलखाली तपासून ठीक आढळला, असे कागदावर मागावे. 'तक्रार आढळली नाही' आणि 'रिकॉलची तपासणी पूर्ण' या दोन शेऱ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

याच गोंधळाचा दुसरा पदर तारखेचा आहे. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून रिकॉलच्या बातमीतल्या तारखाही लोक आपल्या खरेदीच्या तारखेशी ताडून पाहतात आणि 'आपली गाडी नंतरची' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या तारखा निर्मितीच्या असतात. दसऱ्याला किंवा पाडव्याला घेतलेली गाडी कारखान्यातून कित्येक आठवडे, कधी काही महिने आधी निघालेली असू शकते. निर्मितीचा महिना नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला असतो, पण तोही अखेरचा निवाडा नव्हे, कारण एकाच महिन्यात एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एक रिकॉलमध्ये येते आणि दुसरी येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये क्लासिक ३५० च्या सुमारे २६,३०० गाड्या मागच्या ब्रेकच्या एका ब्रॅकेटसाठी बोलावल्या गेल्या. त्या १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ या काळात तयार झालेल्या, म्हणजे मालकांच्या हाती जेमतेम आलेल्या होत्या. आणि त्यातही मागे ड्रम ब्रेक व सिंगल चॅनेल एबीएस असलेल्याच तेवढ्या होत्या. शेजाऱ्याची तीच गाडी, तोच रंग, पण मागे डिस्क असेल तर ती त्यात नव्हती. तेव्हा शेजाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही.

निवाडा एकटा चासी नंबर करतो. तो सतरा अक्षरांचा असतो, नोंदणी प्रमाणपत्रावर व विम्याच्या कागदावर असतो आणि हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकताना 'अशी गाडी आढळली नाही' असे उत्तर आले, तर बहुतेक वेळा शून्याच्या जागी ओ किंवा एकच्या जागी आय टाकलेला असतो; चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरतच नाहीत. संदेश आला नाही म्हणून रिकॉल नाही, असेही समजू नये. नोंदणीच्या वेळी एजंटाने घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून दिल्याची उदाहरणे पुण्यात शोधायला लांब जावे लागत नाही, आणि मग तुमच्या ब्रेकचा संदेश त्याच्या खिशात वाजतो. परिवहन पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर बदलता येतो. तो बदलावा आणि चासी नंबर अधूनमधून स्वतः टाकून पाहावा.

उरलेले फरक किरकोळ आहेत. सर्व्हिसिंग चुकली, बाहेरच्या मेकॅनिककडे काम केले किंवा गाडी दुसऱ्या हातची आहे, ही कारणे वॉरंटी नाकारायला चालू शकतात, रिकॉल नाकारायला चालत नाहीत. 'गाड्या परत मागवल्या' या वृत्तपत्री मथळ्यामुळे पैसे परत मिळणार असे वाटून घेणारेही भेटतात. कलम ११०-अ मध्ये पूर्ण किंमत परत करणे किंवा गाडी बदलून देणे या तरतुदी आहेत खऱ्या, पण नेहमीच्या रिकॉलमध्ये भाग तपासला किंवा बदलला जातो आणि संध्याकाळी गाडी घरी येते.

दोन गोष्टींची मात्र मला चीड आहे. पहिली म्हणजे रिकॉलला 'फ्री चेकअप कॅम्प' म्हणून फोन करणारी केंद्रे. त्या शब्दांनी माणसाला वाटते की हे गाडी धुऊन देण्याचे आणि पॉलिशचे पॅकेज गळ्यात मारण्याचे निमित्त आहे, आणि तो फोन ठेवून देतो. दुसरी म्हणजे वाट पाहायला नको म्हणून नाना पेठेतून तोच भाग आणून गल्लीतल्या मेकॅनिककडून बसवणारे हुशार लोक. आणलेला भाग दोष असलेल्याच जुन्या खेपेतला नाही, हे दुकानदार सांगू शकत नाही, आणि कंपनीच्या नोंदीत रिकॉल उघडा राहतो तो राहतोच. गाडी संगम पुलाजवळच्या आरटीओत दाखवावी किंवा वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये तपासून आणावी, असे सल्लेही मी ऐकले आहेत. एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी अधिकृत संस्था आहे, पण तिथे तुमची एकट्याची गाडी तपासून देणारी खिडकी नाही.

भाग उपलब्ध नसेल तर वॉरंटीच्या कामात आठवडाभर थांबायला हरकत नसते. रिकॉलच्या कामात थांबण्याआधी, तोवर गाडी चालवणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर लेखीच घ्यावे. तोंडी 'चालवा हो, काही होत नाही' या आश्वासनावर ब्रेकचा दोष असलेली गाडी घेऊन नवले पुलाचा उतार उतरण्यात शहाणपण नाही. दोष ब्रेक, चाक, पुढचा फोर्क किंवा इंधनगळतीचा असेल तर गाडी तिथेच ठेवून पीएमपीच्या बसने घरी यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. तोच भाग रिकॉलच्या आधी पदरच्या पैशांनी बदललेला असेल तर त्याचे बिल जपून ठेवून परतावा मागावा.

केंद्राने टाळाटाळ केली, तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करावा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यानेही भागले नाही तर पुण्यातील जिल्हा ग्राहक आयोग आहे, जिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. मात्र या तिन्ही ठिकाणी लिहिताना 'वॉरंटी नाकारली' असे लिहू नये, कारण मग उत्तर येते ते पुस्तिकेतल्या अटींचे, चुकलेल्या सर्व्हिसिंगचे आणि किलोमीटरचे. 'या चासी नंबरावरील, या क्रमांकाचा रिकॉल अमुक तारखेला केंद्रात जाऊनही पूर्ण केलेला नाही' असे लिहावे आणि सोबत जॉब कार्डाची प्रत जोडावी.