49 विजय, पण कुणावर?

कधी झालीच नाही अशी एक लढत बघायला 20 जानेवारी 1970 च्या रात्री अमेरिकेतल्या शेकडो चित्रपटगृहांत लोक तिकिटं काढून बसले होते. एका बाजूला बॉक्सिंगमधल्या सर्वांत जड गटाचा, म्हणजे हेवीवेटचा, माजी विजेता रॉकी मार्सियानो, दुसऱ्या बाजूला मोहम्मद अली. दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूचे राउंड खेळून ठेवले होते, शेवटही वेगवेगळे चित्रित केले होते. त्यातला कोणता दाखवायचा, हे एनसीआर 315 या संगणकाचा हवाला देऊन ठरलं. तेराव्या राउंडला मार्सियानोने अलीला नॉकआउट केलं. मार्सियानो हा निकाल बघायला जिवंत नव्हता. चित्रीकरण आटोपल्यावर ऑगस्ट 1969 मध्ये विमान अपघातात तो गेला होता.

संगणकाच्या पोटात गेली होती ती मुख्यतः बॉक्सिंगवर लिहिणाऱ्यांची मतं: कुणाचा ठोसा किती जड, कुणाचा बचाव किती पक्का. बाहेर आलं तेही मतच, फक्त आकड्यांचा अंगरखा घातलेलं. दोघांत सरस कोण, हा मूळ वाद तिथेच राहिला. एप्रिल 1956 मध्ये मार्सियानो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 49 लढती, 49 विजय आणि 43 नॉकआउट होते. त्यावर शंकेखोरांचा एकच सवाल असतो: हरवलं कुणाला? उतरत्या वयाच्या बॉक्सरांना: जो लुई 37 वर्षांचा, जर्सी जो वॉलकॉट 38 चा, आर्ची मूरही 38 चा.

सवाल रास्त आहे. शतक कुणाच्या गोलंदाजीवर ठोकलं, हे क्रिकेटमध्ये आपणही विचारतोच. पण या सवालाला संख्याशास्त्राकडे बरंच नेमकं उत्तर आहे आणि ते या वादात फारसं कुणी वापरत नाही.

आधी 49–0 हा आकडाच तपासू. एखादी गोष्ट इतक्या वेळा करून एकदाही फसली नाही, तर फसण्याची शक्यता शून्य आहे असं म्हणता येत नाही. संख्याशास्त्रात यासाठी तीनचा नियम वापरतात: तीनला प्रयत्नांच्या संख्येने भागा, येईल ती फसण्याच्या शक्यतेची 95 टक्के खात्रीची वरची मर्यादा. 3 भागिले 49 म्हणजे साधारण 6 टक्के. म्हणजे प्रत्येक लढतीत हरण्याचा 3 टक्के धोका असलेला बॉक्सरसुद्धा सुमारे 22 टक्के वेळा 49–0 वर निवृत्त होईल. आणि हा धोका त्याने निवडलेल्या, त्याच्यासमोर आणून उभ्या केलेल्या प्रतिस्पर्ध्यांपुरताच. समोरचे बदलले की गणित बदललं.

याहून मोठी अडचण जर्मन गणिती एर्न्स्ट झर्मेलो यांनी 1929 मध्येच ओळखली होती. बुद्धिबळाच्या स्पर्धांतून खेळाडूंची ताकद कशी काढावी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या पद्धतीत जो एकदाही हरला नाही त्याची ताकद अनंताकडे पळते. निकालांमधून त्याचा तळ कळतो, छत कळत नाही. अली पाच वेळा हरला म्हणून त्याची उंची दोन्ही बाजूंनी मोजता येते. मार्सियानोची येत नाही. न हरणं हा पराक्रम आहेच, पण मापनाच्या दृष्टीने ती माहितीतली उणीव आहे.

मग कोणत्या लढतीतून किती माहिती मिळते? मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी जी गुणपद्धत बसवली, तिच्यात 200 गुणांनी वरचढ खेळाडूने शंभरातले 76 गुण मिळवणं अपेक्षित असतं, 400 गुणांनी वरचढ असेल तर 91, आणि 800 चा फरक असेल तर 99. या शेवटच्या जोडीत बलवान जिंकला, तर आपल्याला नवं काहीच कळलं नाही. लढतीतून मिळणारी माहिती जिंकण्याची शक्यता गुणिले हरण्याची शक्यता अशी मोजतात. बरोबरीच्या सामन्यात ती 0.25 येते, 99 विरुद्ध 1 च्या सामन्यात 0.0099. म्हणजे तोलामोलाच्या एका लढतीचं वजन पंचवीस सोप्या लढतींइतकं. मार्सियानोच्या सुरुवातीच्या वर्षांत किरकोळ बॉक्सरांची मोठी रांग आहे. ती सगळी मिळून 23 सप्टेंबर 1952 च्या एका रात्रीची बरोबरी करणार नाही.

त्या रात्री फिलाडेल्फियात वॉलकॉटने पहिल्याच राउंडला त्याला खाली पाडलं. असं त्याच्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं. बारा राउंड संपले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागे होता. तेराव्यात त्याचा उजवा हात वॉलकॉटच्या जबड्यावर बसला आणि विजेतेपद बदललं. 38 वर्षांच्या माणसाने भावी अपराजित विजेत्याला बारा राउंड मागे ठेवलं, हे ‘म्हाताऱ्याला हरवलं’ या वाक्यात मावत नाही.

तरीही वयाचा मुद्दा झटकून टाकता येत नाही, कारण वेगवेगळ्या पिढ्या जोडणारे दुवे जवळपास सगळे म्हातारा विरुद्ध तरुण असेच आहेत. 1951 मध्ये 28 वर्षांचा मार्सियानो आणि 37 चा लुई. 1962 मध्ये 20 वर्षांचा अली (तेव्हाचा कॅशियस क्ले) आणि 45 चा मूर. 1980 मध्ये 30 चा लॅरी होम्स आणि 38 चा अली. 1988 मध्ये 21 चा माइक टायसन आणि 38 चा होम्स. प्रत्येक वेळी तरुण जिंकला. वयाची दुरुस्ती न करता ही साखळी संगणकात घातली, तर प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा सरस ठरत जाईल, मग प्रत्यक्षात काहीही असो. मूरला मार्सियानोने नवव्या राउंडला संपवलं आणि अलीने चौथ्या. त्यावरून अली सरस म्हणणाऱ्यांनी मधली सात वर्षं हिशेबात धरलेलीच नसतात.

आणि एकाच आकड्यात सगळी ताकद मावते हे गृहीतकही डळमळीत आहे. 1971 मध्ये जो फ्रेझियरने अलीला हरवलं. 1973 मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने फ्रेझियरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. 1974 मध्ये किन्शासात अलीने फोरमनला नॉकआउट केलं. तिघांना एका सरळ रेषेत उभं करून दाखवा! अंगावर चालून येणाऱ्याला कोण सोपा जातो, लांब हातांनी अंतर राखणाऱ्याला कोण, हे शैलीचं गणित वेगळं असतं.

आता मूळ प्रश्न: मार्सियानोचे प्रतिस्पर्धी खरोखर किती दमदार होते? प्रतिस्पर्ध्याची ताकद त्याने कुणाला हरवलं यावर, त्यांची ताकद आणखी कुणावर, असा हा गोल फिरतो. गणिताला त्याची भीती नाही. सगळ्यांना सारखे गुण देऊन सुरुवात करायची, निकालांनुसार ते सुधारायचे, आणि आकडे हलेनासे होईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा करायचं. अट एकच, मंडळी एकमेकांशी पुरेशी लढलेली हवीत. मार्सियानोचे चार मोठे प्रतिस्पर्धी (लुई, वॉलकॉट, मूर आणि एझार्ड चार्ल्स) तसे लढले आहेत. चार्ल्सने मूरला तीनदा हरवलं, 1950 मध्ये लुईला हरवलं, आणि वॉलकॉटशी तो चारदा लढला, दोनदा जिंकून दोनदा हरला. इतकं घट्ट विणलेलं जाळं हेवीवेटमध्ये नेहमी सापडत नाही.

त्यात प्रत्येकाची ताकद त्या दिवसाची हवी, म्हणून लढतीच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्हीकडचे निकाल बघावे लागतात. लुई मार्सियानोकडून हरला आणि तिथेच थांबला. त्याच्या बाबतीत शंकेखोरांचं खरं आहे, त्या विजयाला फार वजन देऊ नये. मूरचं उलट आहे. त्याने 1955 च्या जूनमध्ये मिडलवेट विजेत्या बोबो ओल्सनला तीन राउंडमध्ये झोपवलं होतं, आणि मार्सियानोकडून हरल्यावरही तो लाइट हेवीवेटचा (हेवीवेटहून हलका वजनगट) विजेता म्हणून वर्षानुवर्षं टिकला. 1958 मध्ये माँट्रियलला कॅनडाच्या इव्हॉन ड्युरेलने चार वेळा पाडल्यावर उठून त्याने ती लढत जिंकली. हा माणूस सप्टेंबर 1955 मध्ये संपलेला होता, असं म्हणायला आधार नाही.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो चार्ल्सवर. तो 1959 पर्यंत लढत राहिला आणि वारंवार हरला. त्यामुळे कारकिर्दीची बेरीज मांडली की तो सामान्य दिसतो. पण त्यातल्या बऱ्याच हारी मार्सियानोनंतरच्या आहेत, त्यांचा बोजा 1954 वर टाकता येत नाही. त्या जूनमध्ये तो 32 वर्षांचा होता आणि मार्सियानोसमोर पूर्ण पंधरा राउंड उभा राहिला. असं करणारा तो एकटाच. सप्टेंबरमध्ये परत सामना झाला, तेव्हा त्याने मार्सियानोचं नाक असं फाडलं की रक्त थांबेना आणि लढत थांबवली जाण्याची वेळ आली. मार्सियानोने आठव्या राउंडला नॉकआउट करून ती वाचवली. माझ्या हिशेबात त्याच्या अख्ख्या यादीतली सर्वांत जड नोंद चार्ल्सचीच आहे, वॉलकॉटच्याही वर. लुईच्या पराभवाची चर्चा त्या मानाने उगाच जास्त होते.