गिरण्यांच्या जागी मॉल आणि परळचे तुंबणारे पाणी

मुंबईच्या लोअर परळ, हिंदमाता, दादर या पट्ट्यात पाणी तुंबले की बोट लगेच नालेसफाईकडे जाते. गाळ काढायलाच हवा, त्यात वाद नाही. पण बंद कापड गिरण्यांच्या आवारात मॉल उभे राहिले तेव्हा नाल्याचा जुना हिशेबच मोडला, आणि तो हिशेब पाहिल्याशिवाय इथल्या पाण्याचा उलगडा होत नाही.

ही जमीन मुळातच सखल. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून अडवली गेली आणि मागची खाजणे हळूहळू भरत गेली. त्यावर गिरणगाव वसले. इंग्रजी अमदानीत इथे जे भूमिगत नाले बांधले गेले, त्यांच्या आराखड्यात तीन गोष्टी गृहीत होत्या: पाऊस ताशी २५ मिलिमीटर, समुद्राला ओहोटी, आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मेच नाल्यात येणार. उरलेले निम्मे जमीन पिणार.

गिरणीचे आवार म्हणजे बाग नव्हती, हे कबूल करायला हवे. करवतीच्या दातांसारखी छपरे बराच भाग व्यापून असत. पण दोन शेडांच्या मधल्या कच्च्या जागा, कापसाच्या गाठी उतरवायची पटांगणे आणि मुख्य म्हणजे तलाव, हे पाऊस धरून ठेवत. वाफेच्या इंजिनांना थंड पाणी लागे म्हणून अनेक गिरण्यांनी आवारात तलाव खोदले होते. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात तसा तलाव आजही आहे. नाल्यावरचा भार हे तलाव नकळत हलका करत होते.

जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने जमिनीची वाटणी ठरवली: ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘मोकळ्या जमिनी’चा व्यापक अर्थ लावला, तो मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. चर्चा घरांची आणि उद्यानांची झाली, आणि तीही रास्तच होती. पण पाणी जिरवणारी सलग माती या भागाला मिळण्याची संधी त्याच निकालाबरोबर गेली, हे फारसे कुणी बोलले नाही.

हिशेब करून पाहा. चार हेक्टरचे आवार घ्या. जुन्या गृहीतकाने तिथून सेकंदाला साधारण १४० लिटर पाणी नाल्यात येते. सगळे आवार काँक्रीटखाली गेले आणि पाऊस ताशी ५० मिलिमीटर पडला, तर तोच आकडा ५५५ लिटर होतो. चौपट. एवढे पाणी वाहून न्यायला १:१००० उतारावर ९०० मिलिमीटरचा पाइप काठोकाठ भरून वाहावा लागतो. बाहेरच्या रस्त्याखालचा नाला मात्र तोच, त्यातून आडव्या गेलेल्या केबल आणि जलवाहिन्यांसकट.

त्यात तळघराची भर. दोन-तीन मजली पार्किंग आवाराच्या हद्दीपर्यंत खोदले की पाणी जिरायला माती उरतच नाही. पोडियमवर, म्हणजे तळघर-पार्किंगच्या छतावरच्या ओट्यावर, लावलेली हिरवळ फूटभर मातीत असते. ती भिजली की उरलेले पाणी सरळ पन्हळीत. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी असे म्हटले, पण तोवर बरेच पोडियम बांधून झाले होते. शिवाय आवार रस्त्यापेक्षा उंच ठेवणे हे बांधकामाचे साधे पथ्य. मॉल ते पाळतो, भराव टाकतो. मग पाणी फाटकाच्या उतारावरून रस्त्यावर येते आणि समोरच्या चाळीचा तळमजला, जो पूर्वी रस्त्याच्या बरोबरीला होता, खड्ड्यात जातो. खोदकाम चालू असताना पंपाने उपसलेले गढूळ पाणी थेट गटारात सोडले, तर त्यातली माती आणि सिमेंट तळाशी दगडासारखे बसते. नेहमीच्या नालेसफाईने ते निघत नाही.

१९८५ च्या पुरानंतर मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा अभ्यास सुरू झाला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. त्याने ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरला, आणि पडलेले सगळेच पाणी नाल्यात येणार हे मान्य केले. म्हणजे मॉल यायच्या आधीच धोका कागदावर होता. कामांना खरा जोर आला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया इथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभी राहिली. मुंबईतल्या १८६ पातमुखांपैकी, म्हणजे नाल्यांचे पाणी बाहेर पडते त्या तोंडांपैकी, ४५ समुद्राच्या सरासरी पातळीखाली आहेत, त्यामुळे भरतीत पंपांशिवाय इलाज नाही. पण आवारातले पाणी पंपापर्यंत पोहोचायला मधला रस्त्याखालचा नाला लागतोच.

म्हणून पाणी आवारातच थोपवणे हा खरा उपाय. मोठ्या भूखंडांना २००२ पासून पर्जन्य जलसंधारण बंधनकारक आहे, पण शोषखड्डा जुलैत परळला निकामी असतो, कारण भूजल आधीच वर आलेले असते. आणि साठवणीची टाकी भरलेली असावी लागते, तर पूर थोपवणारी टाकी रिकामी. एकाच टाकीकडून दोन्ही कामे होत नाहीत. हिशेबातल्या त्या चार हेक्टरच्या आवाराला, नाल्यात सेकंदाला १४० लिटरच सोडून, भरतीचे दोन तास काढायचे तर सुमारे ३,००० घनमीटर जागा हवी: तीन मीटर खोल, १,००० चौरस मीटर, म्हणजे भूखंडाचा अडीच टक्के.

आता पहिल्या पिढीतले मॉल पाडून किंवा बदलून कार्यालये होऊ लागली आहेत, तेव्हा ही टाकी नकाशात पहिल्याच दिवशी यायला हवी. तिच्याआधी जाळी आणि गाळाचा चेंबर, बाहेर पडणाऱ्या पाइपाला उलटे पाणी रोखणारी झडप. पंपाची वीज तळघरातून घेऊ नये, कारण पाणी आत शिरले की आधी तीच जाते. आणि पंप मुद्दाम लहान ठेवावा, सेकंदाला १४० लिटरचा. मोठा लावला तर पाऊस ऐन भरात असताना तो आवारातला पूर समोरच्या रस्त्यावर ओततो.