कोजागरीचा लखलखाट आणि मागची धग

रविवार, ९ ऑक्टोबर २०२२. कोजागरी. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटं. पुण्यात गच्च्यांवर चटया पडत होत्या, दूध आटत होतं, आणि नेमका तेव्हाच आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट पृथ्वीवर येऊन पोचला. त्याची दिशा होती शर तारकासमूहातली, म्हणजे त्या क्षणी पुण्याच्या जवळजवळ डोक्यावर! आमच्या गच्चीवर कोणाला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? गॅमा किरण वातावरणात वरच्या वरच अडतात. ते टिपायला उपग्रहच हवा.

या स्फोटाच्या बातम्यांत दोन वाक्यं हटकून शेजारी येतात: ‘स्फोट काही मिनिटं टिकला’ आणि ‘तो महिनोन्महिने पाहिला गेला’. दोन्ही खरी, पण ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. पहिली म्हणजे मूळ स्फोट. दुसरी म्हणजे त्याच्या मागे उरणारी धग, आफ्टरग्लो.

महाकाय तारा कोसळतो, तेव्हा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एक झोत बाहेर पडतो. मूळ स्फोटाचे गॅमा किरण त्या झोताच्या आतच तयार होतात. पुढे हाच झोत ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूवर आदळतो, तिथले इलेक्ट्रॉन चेकाळतात आणि क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत सगळीकडे उजेड पडतो. हा आफ्टरग्लो. त्याची जागा वेगळी, कारणही वेगळं.

त्या कोजागरीला जाणकारही फसले. नासाचा फर्मी उपग्रह ६.४७लाच जागा झाला होता. खरा मारा त्यानंतर तीन-साडेतीन मिनिटांनी आला आणि तो इतका जबर होता की फर्मीचे डिटेक्टर तुंबले, मोजणी अपुरी पडू लागली. स्विफ्ट उपग्रहाला मात्र हे काहीच दिसलं नाही. त्याला इशारा मिळाला तो सुमारे ७.४०ला. तोवर मूळ स्फोट संपला होता. स्विफ्टने पाहिली ती धग. पण तीसुद्धा इतकी प्रखर, की हा आपल्याच आकाशगंगेतला एखादा नवा क्ष-किरण स्रोत असावा असं वाटलं आणि त्याला तसं नावही पडलं. फर्मीची नोंद शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला.

मोजायची पद्धतही निराळी. मूळ स्फोटासाठी दर सेकंदाला किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आले ते मोजतात. एकूण फोटॉनपैकी ५ ते ९५ टक्के यायला जितका वेळ लागला, तो स्फोटाचा कालावधी. तो २ सेकंदांपेक्षा कमी असेल तर स्फोट ‘लघु’, जास्त असेल तर ‘दीर्घ’. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचं सीझेडटीआय हे उपकरण याच कामात तरबेज. त्याचा डेटा आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, पुणे विद्यापीठाच्या आवारात, येतो. त्यात १६,३८४ चौकोनी पिक्सेल आहेत. एका पिक्सेलमध्ये आदळून शेजारच्यात उडालेला फोटॉन कोणत्या बाजूला उडाला, हे शेकडो फोटॉनसाठी पाहिलं की गॅमा किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, काढता येतं. मला यातलं सगळ्यात देखणं काम हेच वाटतं. ६ ऑक्टोबर २०१५ला उपकरण सुरू झालं, त्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला होता. २०२३मध्ये त्याच्या खात्यावरचा आकडा ६००वर गेला.

पण नुसत्या मूळ स्फोटावरून तो किती दूर होता हे सहसा समजत नाही. १९६७ साली व्हेला उपग्रहांनी पहिला स्फोट टिपला. त्यानंतर तीस वर्षं वाद चालू राहिला: हे जवळचे की विश्वाच्या टोकाचे? वाद मिटला तो आफ्टरग्लोमुळे. २८ फेब्रुवारी १९९७ला बेप्पोसॅक्स उपग्रहाने एका स्फोटाची क्ष-किरणांतली धग पकडली, म्हणून नेमकी जागा कळली आणि जमिनीवरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पुढच्या काही महिन्यांत आणखी एका स्फोटाच्या धगीच्याच वर्णपटावरून अंतर निघालं. कोजागरीच्या स्फोटाचंही तसंच: त्याचा प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षं प्रवास करून आला होता. स्फोटात ऊर्जा किती, हे सांगायला दोन्ही लागतात. आपल्यापर्यंत किती पोचलं ते मूळ स्फोट सांगतो, किती दुरून आलं ते आफ्टरग्लो.

ही धग सर्वांत उशिरापर्यंत रेडिओत रेंगाळते. तिथे नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कामाला येते, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या घेऊन.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुकात किंवा खोडदला गेलात आणि भिंतीवर अशा स्फोटाचा आलेख दिसला, तर आधी आडवा अक्ष बघा. त्यावर सेकंद असतील तर बहुधा तो मूळ स्फोट. दिवस आणि महिने असतील तर ती धग.