रक्ताच्या एका नळीत कर्करोगाचे निदान?

‘रक्त तपासले की कोणताही कर्करोग सुरुवातीलाच कळतो, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) लागत नाही’ हा वर्षानुवर्षे फिरणारा दावा चुकीचा आहे. अशा तपासणीत मरणाऱ्या पेशींतून रक्तद्रवात उतरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांत गाठीचे तुकडे शोधतात; पण हे तुकडे बहुतांशी निरोगी रक्तपेशींचे असतात. गाठ लहान असताना तिचा वाटा इतका नगण्य असतो, की १० मिलिलिटरच्या नळीत तिचा शोधता येण्याजोगा एकही तुकडा न येणे सहज शक्य असते. ‘गॅलेरी’ या एकाच वेळी अनेक कर्करोग शोधणाऱ्या रक्तचाचणीच्या २०२१ मधील अभ्यासात पहिल्या टप्प्यातले जेमतेम १७ टक्के रुग्ण सापडले, चौथ्या टप्प्यातले मात्र ९० टक्के. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकातील बदल शोधून औषध ठरवायला रक्तातील डीएनए तपासण्याची ही पद्धत खरोखर उपयोगी पडते. तिथेही रक्तात बदल न आढळल्यास, शक्य असेल तर, गाठीचा तुकडा तपासावा लागतोच.