ऑशविट्झचा दिवस: नावं पासपोर्टप्रमाणेच पाठवा

पोलंडच्या टूरचं बुकिंग झालं की आम्ही सगळ्यात आधी पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत मागतो. "व्हिसा, विमान आमचं आम्ही केलंय, मग तुम्हाला पासपोर्ट कशाला?" हा प्रश्न दर सीझनला येतो. उत्तर एकच, ऑशविट्झ. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली नाझींची मृत्युछावणी, आता तिथे संग्रहालय आहे.

तिथला प्रवेशपास नावानिशी निघतो. दारात पास आणि ओळखपत्र दोन्ही पाहतात. आणि आपल्याकडे नावांची गंमत अशी की एका माणसाला तीन-तीन असतात. गेल्या खेपेला एका काकूंचं नाव मुलाने "स्नेहल" पाठवलं. ते लग्नात ठेवलेलं, सगळे त्याच नावाने हाक मारतात. पासपोर्टवर मात्र माहेरचं "मंगल". वीस मिनिटं काउंटरवर गेली, बाकीचे अठराजण ताटकळत उभे. तिथल्या गाइडची वेळ ठरलेली असते, आपली वीस मिनिटं कोणी भरून देत नाही.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर "मी, ही आणि आईबाबा" असं लिहून पाठवू नका. पानाचा फोटो पाठवा, अक्षरं आम्ही उतरवून घेतो. आणि त्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. तो क्राकोव्हच्या हॉटेलात तिजोरीत सुरक्षित असून उपयोग नाही, कारण ऑशविट्झहून परत जाऊन आणायचा म्हणजे एका बाजूचंच अंतर सुमारे ७० किलोमीटर. (रस्त्यावरच्या पाट्यांवर "ओश्विएन्चिम" दिसेल. गाव तेच, ऑशविट्झ हे त्याचं जर्मन नाव.)

"प्रवेश तर फुकट आहे, मग पैसे कसले घेता?" हेही विचारलं जातं. प्रवेश फुकटच आहे. पण गटाला संग्रहालयाचा गाइड घ्यावाच लागतो, त्याची फी पडते. आमच्या दरात ती फी, बस आणि आधीपासून धरलेली वेळ एवढं येतं. एकट्याने जाणाऱ्यांसाठी मोफत पासही असतात, पण ते मोजके आणि उन्हाळ्यात लवकर संपतात. तसं जायचं असेल तर जरूर जा, फक्त पास हातात आल्यावरच विमानाची तारीख पक्की करा.

पाहणं साधारण साडेतीन तासांचं. आधी मूळ छावणी, मग तीनेक किलोमीटरवरचं बिर्केनाऊ, म्हणजे तिचाच दुसरा, मोठा भाग. तिथे जवळजवळ सगळं चालणं उघड्यावर, त्यामुळे बूट मळखाऊ आणि सवयीचे घाला. मोठी सॅक बसमध्येच ठेवा, तपासणी विमानतळासारखी असते. डबा बसमध्ये खाऊन घ्या.

फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, फ्लॅश नाही. मूळ छावणीच्या चौथ्या इमारतीत कैद्यांचे कापलेले केस ठेवलेत, दोन टनांच्या आसपास. तिथे आणि अकराव्या इमारतीच्या तळघरात कॅमेरा काढायचाच नाही. कैद्यांना घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या रुळांवर तोल सांभाळत काढलेले फोटो नकोत, असं संग्रहालयाने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. आमच्या टूरवर ती सूचना आम्ही बसमध्येच देतो, मग कोणी रागावलं तरी चालेल. १९४० ते १९४५ या काळात इथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातली दहा लाखांच्या आसपास ज्यू. पाचव्या इमारतीतल्या सुटकेसवर पांढऱ्या रंगात नावं, पत्ते, जन्मतारखा आहेत. सामान परत मिळेल म्हणून लोकांनी लिहिलेल्या. तिथे घाई करू नका, गाइड थांबतो.

चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये, असा संग्रहालयाचाच सल्ला आहे. मुलं बरोबर असतील तर आधी सांगा. आमचा एक माणूस त्या दिवशी त्यांच्यासोबत क्राकोव्हमध्ये थांबतो, वेगळे पैसे नाहीत.

त्याच दुपारी वेलिच्काची मिठाची खाण उरकणाऱ्या टूरही मिळतात. आम्ही ती दुसऱ्या दिवशी ठेवतो. त्यामुळे एक रात्र वाढते आणि आमचा दर थोडा जास्त दिसतो, हे कबूल. पण बिर्केनाऊहून परतताना बसमध्ये कोणी फारसं बोलत नाही, आणि त्या लोकांना लगेच पुढच्या रांगेत उभं करणं आम्हाला जमत नाही.

प्रत पाठवायची शेवटची तारीख तुमच्या पावतीवर वरच्या कोपऱ्यात आहे. पासपोर्ट नवा करून घेणार असाल, तर नव्याचीच प्रत पाठवा.